दोन तृतीयांश वेगाचा थेंब

मंगळवारी, १० फेब्रुवारी २०४३ रोजी, सकाळी साडेसहा वाजता थेंब जिथे असायला हवा होता तिथे नव्हता.

मिरजेतल्या एका नेत्ररुग्णालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, खोली क्रमांक चारमध्ये, तंत्रज्ञ इलाही मुजावर यांनी पहिलं मोजमाप घेतलं. थेंब सोडून बरोबर चोवीस तास झाले होते. तक्त्याप्रमाणे तोवर त्याने ६.९ मिलिमीटर अंतर कापायला हवं होतं. यंत्राने ४.६ दाखवलं. मुजावरांनी भिंग पुसलं, यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं, दुसऱ्यांदा मोजलं, मग तिसऱ्यांदा. आकडा तोच आला. पावणेसातला त्यांनी डॉ. शर्वरी केळुसकर यांना घरी फोन केला.

थेंब होता भूपाल मगदूम यांच्या उजव्या डोळ्यात. मगदूम त्या वेळी जागे होते. पाठीवर उताणे, डोकं गादीच्या चौकटीत अडकवलेलं, तोंडावर यंत्राचा हात. यंत्र तीनदा वाजलेलं त्यांनी ऐकलं होतं. त्यांनी ओठ फारसे न हलवता विचारलं, "किती आलं?"

डॉक्टर येतायत, मामा, असं मुजावर म्हणाले. आकडा त्यांनी सांगितला नाही.

मगदूम साठ वर्षांचे, शिरोळ तालुक्यातले. एका सहकारी साखर कारखान्यात त्यांनी एकतीस हंगाम पॅनमन म्हणून काढले. पॅन म्हणजे दोन मजली उंचीचं बंद भांडं. त्यात उसाचा पाक उकळतो आणि दाणा धरतो. दाणा धरला का, किती वाढला, पॅन कधी सोडायचा, हे पॅनमन ठरवतो. थोडा पाक काचेच्या पट्टीवर घ्यायचा, दिव्यासमोर धरून दाणा बघायचा, अंगठा आणि बोटाच्या मध्ये तार ओढून बघायची. कारखान्यातलं बाकीचं काम एकेक करून यंत्रांकडे गेलं, पण हे बरीच वर्षं माणसाकडेच राहिलं होतं. बावीस वर्षांपूर्वी उकळत्या पाकाचा शिंतोडा उडून त्यांचा डावा डोळा गेला. पुढचे वीस हंगाम त्यांनी उजव्या डोळ्यावर काढले. मग त्या डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजू लागला. समोर माणूस आला की चेहऱ्याच्या जागी करडा डाग आणि कडेला दोन कान, एवढंच त्यांना दिसायचं. गेल्या वर्षभरात कानही गेले. आता उजेड आणि अंधार कळत होता, दाराची चौकट कळत होती, जवळ हललेला हात कळत होता. पत्नी राजमती यांना ते पावलांवरून ओळखत.

अशा डोळ्यांसाठी हैदराबादच्या एका कंपनीने थेंबरोपण आणलं होतं. मगदूम हे त्यांचे बेचाळिसावे रुग्ण.

पद्धत ऐकायला साधी आहे. डोळ्याच्या पोकळीत नैसर्गिकपणे जो जेलीसारखा पदार्थ असतो तो काढून तिथे मधाइतकं घट्ट, पाण्यापेक्षा किंचित हलकं, पारदर्शक तेल भरतात. मग बुबुळामागच्या बाजूने एका अतिबारीक सुईतून त्यात एकच पाण्याचा थेंब सोडतात. थेंब खसखशीच्या दाण्याच्या पाचव्या हिश्श्याएवढा. त्यात रुग्णाच्याच कातडीपासून नऊ महिने वाढवलेल्या सुमारे आठशे पेशी असतात. रुग्ण उताणा झोपलेला असल्यामुळे डोळ्याचा पडदा खाली येतो आणि थेंब सोळा मिलिमीटर उतरून पडद्याच्या बरोबर मध्यावर टेकतो. पडदा झिजून ओल्या कागदासारखा झालेला असतो. सुई जवळ नेली, पिचकारी मारली, तर तो फाटतो. म्हणून हात न लावता, तेलातून, आपल्याच वजनाने, छप्पन्न तासांत उतरणारा थेंब.

त्या छप्पन्न तासांत रुग्णाने मान दोन अंशांपेक्षा जास्त कलवायची नाही. जेवण नळीतून. बोलणं कमीत कमी, कारण जबडा हलला की डोकं हलतं. मगदूम पहिल्या दिवशी म्हणाले होते की जन्मभर उभ्याने नोकरी केली, ती अशी झोपून करायची असती तर आणखी दहा वर्षं केली असती. घरात कधी दोन मिनिटं गप्प बसला नाहीत, ते इथं तरी बसाल, असं राजमतींनी सुनावलं होतं.

छप्पन्न तासांचा हिशेब पेशींशी बांधलेला होता. थेंबात प्राणवायू भरलेला असतो तो सहासष्ट तास पुरेल इतका. त्यानंतर पेशी मरायला लागतात. जिवंत पेशी अतिशय मंद चमकतात आणि ती चमक यंत्राला मोजता येते. टेकताना निदान वीस टक्के पेशी जिवंत असाव्या लागतात. त्याहून कमी असतील तर थेंब रुजत नाही. उलट मेलेल्या पेशींचा गाळ मध्यावर बसतो, तिथे व्रण धरतो आणि जे थोडंफार दिसत असतं तेही जातं.

डॉ. केळुसकर सव्वासातला पोचल्या. साडेआठला कंपनीच्या अभियंतीशी संगणकाच्या पडद्यावर बोलणं सुरू झालं. तिने आकडे दोनदा विचारले आणि कागदावर भागाकार केला. ४.६ भागिले ६.९, म्हणजे दोन तृतीयांश. थेंब थोडा हळू जात असता तर तेल जास्त घट्ट आहे किंवा थेंब लहान आहे असं म्हणता आलं असतं. पण बरोबर दोन तृतीयांश या आकड्याला एकच अर्थ आहे, असं ती म्हणाली. थेंब मळला आहे.

घट्ट तेलात पडणारा थेंब दगडासारखा वेग घेत जात नाही. त्याचं वजन खाली ओढतं आणि तेल वर रेटतं. डोळ्याची पापणी लवण्याच्या आत दोन्ही बरोबरीला येतात आणि मग थेंब एकाच संथ चालीने उतरत राहतो. ही चाल किती, हे थेंबाच्या पृष्ठभागावर ठरतं. स्वच्छ थेंबाचा पृष्ठभाग मोकळा असतो. बाजूने तेल घसरतं तसा तो तेलाबरोबर घसरतो आणि थेंबाच्या आतलं पाणी गोल फिरत राहतं. तेलाला घासायला स्थिर असं काही सापडत नाही. म्हणून असा थेंब त्याच आकाराच्या आणि त्याच वजनाच्या टणक मण्यापेक्षा दीडपट वेगाने उतरतो.

पण साबणासारखा एखादा पदार्थ थेंबाला लागला तर त्याचे रेणू पृष्ठभागावर जाऊन बसतात. तेलाच्या घसरणीने ते थेंबाच्या मागच्या बाजूला ढकलले जातात, तिथे गर्दी करतात आणि पृष्ठभाग ताठ होतो. आतलं पाणी फिरायचं थांबतं. थेंब पाण्याचाच राहतो, पण तेलाच्या दृष्टीने तो मणी झालेला असतो. वेग दोन तृतीयांशावर येतो. एवढ्याशा थेंबाला ताठ करायला ग्रॅमच्या एक अब्जांश भागाहूनही कमी पदार्थ पुरतो. आधीच्या एक्केचाळीस रुग्णांत हे घडलं नव्हतं, कारण तेल, सुई, पेशींभोवतीचं जेल, सगळं त्या पातळीपर्यंत धुतलेलं होतं.

दोन तृतीयांश वेगाने सोळा मिलिमीटर म्हणजे चौऱ्याऐंशी तास. बुधवारी दुपारी अडीचऐवजी गुरुवारी संध्याकाळी साडेसहा. तोवर किती पेशी जिवंत असतील, हे अभियंतीने आलेखावरून सांगितलं. अठरा टक्के. चूक धरून बारा ते चोवीस.

त्यानंतरचे तीन तास उपाय शोधण्यात गेले. डोळ्यावर उबदार पट्टी ठेवून तेल तीन अंशांनी तापवलं तर ते पातळ होऊन थेंब चार-पाच तास लवकर पोचला असता, पण तापलेल्या पेशींचा प्राणवायू तेवढ्याच लवकर संपला असता. बेरीज शून्य. एका बाजूने उष्णता दिली तर स्वच्छ थेंब उष्णतेकडे ओढला जातो. मळलेला जात नाही. रुग्णाला फिरत्या यंत्रात बसवून थेंबाचं वजन वाढवावं, तर तसं यंत्र बंगळुरूला, आणि तिथपर्यंत मान न कलवता नेणार कसं? डोकं एका बाजूला कलवून थेंब जवळच्या भिंतीवर टेकवावा, मधली नाही तर कडेची नजर तरी मिळेल, असं डॉ. केळुसकरांनी सुचवलं. मुजावरांनी कागदावर डोळ्याचं वर्तुळ काढलं आणि थेंबाची जागा मांडली. थेंब त्या घटकेला जवळजवळ वर्तुळाच्या मध्यावर होता. सगळ्या भिंती तिथून सारख्याच लांब होत्या.

डॉक्टरांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला.

मग मळ कुठून आला याची चौकशी सुरू झाली. उपचाराला तिचा उपयोग नव्हता, पण कंपनीला चोवीस तासांत अहवाल हवा होता. तेलाची उरलेली बाटली, सुई आणि हातमोजे पुण्याच्या प्रयोगशाळेत पाठवले गेले. रुग्णाच्या बाजूची चौकशी मुजावरांकडे आली. दुपारी बाराच्या सुमाराला ते बाहेरच्या बाकावर राजमतींच्या शेजारी बसले.

राजमतींकडे कंपनीचं पत्रक होतं. त्यांनी ते प्लास्टिकच्या पिशवीत नीट घालून ठेवलं होतं. कलम सात: शस्त्रक्रियेआधी तीन दिवस डोक्याला व चेहऱ्याला साबण, शाम्पू, तेल, काजळ, सुरमा लावू नये. कलम आठ: आदल्या दिवशी रुग्णाने डोक्यावरून स्वच्छ स्नान करावे. त्यांनी दोन्ही कलमं मुजावरांना मोठ्याने वाचून दाखवली. तीन दिवस साबणाची वडीसुद्धा न्हाणीघरात ठेवली नव्हती, असं त्यांनी सांगितलं. मुजावर मान डोलवत लिहून घेत होते. मग त्यांनी विचारलं, डोकं कशाने धुतलं?

शिकेकाईने, असं राजमती म्हणाल्या. शिकेकाई आणि रिठे. रात्री भिजत घालून, सकाळी उकळून, फडक्याने गाळून. हंगामात पॅनवरच्या वाफेने मगदूमांचे केस चिकट व्हायचे, शाम्पूने डोक्याला खाज सुटायची, म्हणून एकतीस वर्षं त्यांनीच हे पाणी करून त्यांचं डोकं धुतलं होतं. रविवारीही धुतलं. आदल्या दिवशी स्वच्छ स्नान, असं पत्रकातच होतं. शिकेकाई साबणही नव्हती आणि शाम्पूही नव्हती.

मुजावरांनी लिहिणं थांबवलं. रिठ्याला फेस येतो तो ज्या पदार्थामुळे, तो नेमका थेंबाच्या पृष्ठभागावर जाऊन बसणारा पदार्थ आहे. शस्त्रक्रियेआधी पापण्या औषधाने धुतात, पण एक अब्जांश ग्रॅमला पापणीच्या एका केसाचं मूळही पुरतं.

"फेस येतो म्हणून इचारताय?" राजमतींनी विचारलं.

मुजावर म्हणाले की पुण्याचा अहवाल आल्याशिवाय काहीच सांगता येत नाही. ते खरं होतं. पण राजमतींनी पत्रक पुन्हा पिशवीत घातलं आणि त्यानंतर त्या खोलीत गेल्या नाहीत. दुपारचं नळीतलं जेवण नर्सने दिलं.

संध्याकाळच्या मोजमापाला मगदूमांनी पुन्हा आकडा विचारला. या वेळी डॉ. केळुसकरांनी तो सांगितला आणि अर्थही सांगितला. किती लागेल, कधी पोचेल, अठरा टक्के म्हणजे काय, सगळं. मगदूमांनी ऐकून घेतलं. मग त्यांनी थेंब कशाने मळला असेल ते विचारलं नाही. तेवढंच डॉक्टरांच्या लक्षात राहिलं. प्रत्येक रुग्णाने आधी तेच विचारलं असतं.

त्याऐवजी ते मुजावरांना पॅनबद्दल सांगू लागले. एक-दोन वाक्यं, मग थांबणं. उसाबरोबर माती आली, रस नीट निवळला नाही, की पाकातले बुडबुडे आळशी होतात. चांगल्या पाकात बुडबुडा वर येतो तो झरझर, मळक्या पाकात तो जागचा हलत नाही. मग वर फेस धरतो. तेव्हा पॅनमन ओंजळभर तेल सोडतो आणि एवढ्या मोठ्या पॅनमधला फेस बसतो. शंभर टन पाकाला ओंजळभर तेल. जिनसाच्या मानाने काहीच नाही, पण सगळा पॅन ऐकतो.

"तुमच्याकडं असलं काय सोडायला न्हाई?" त्यांनी विचारलं.

मुजावर नाही म्हणाले. डोळ्यात काही सोडायचं तर सुई आत घालावी लागेल आणि सुई गेली की तेल हलेल. तेल हललं की थेंब कुठे जाईल ते कोणालाच सांगता येणार नाही.

"मग बघत बसा," मगदूम म्हणाले.

बुधवारी दर दोन तासांनी मोजमाप झालं. आकडे इतके नियमित होते की मुजावर ते आधीच वहीत लिहून ठेवू शकले असते. थेंबाची वाट जराही वाकडी नव्हती, वेग कमी-जास्त होत नव्हता, चमक पूर्ण होती. आतल्या आठशे पेशींना काहीच झालं नव्हतं. दुपारी अडीचला, थेंब टेकायचा ठरला होता त्या वेळी, तो पडद्यापासून ५.३ मिलिमीटर वर होता. डॉ. केळुसकर त्या वेळी खोलीत आल्या, यंत्राच्या पडद्याकडे पाहिलं आणि बाह्यरुग्ण विभागात परत गेल्या. तिथे सत्तर रुग्ण थांबले होते.

पावणेचारला पुण्याचा अहवाल आला. सुईच्या टोकावर रिठ्यात असतो तशा पदार्थाची खूण सापडली होती. पण तिचं प्रमाण चाचणीच्या त्रुटीच्या मर्यादेत होतं, आणि हातमोज्यांच्या पावडरीत व पापणीच्या नैसर्गिक तेलातही तशीच खूण कधी कधी दिसते. स्रोत निश्चित करता येत नाही, असं शेवटच्या ओळीत होतं. डॉक्टरांनी अहवाल राजमतींना शब्दाशब्दाने समजावून सांगितला. तुमच्यामुळे झालं असं यात कुठेही लिहिलेलं नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. तुमच्यामुळे झालं नाही असंही लिहिलेलं नव्हतं, आणि राजमतींना ते कळलं.

साडेचारला त्या खोलीत गेल्या. मुजावर तेव्हा यंत्रापाशी होते. बाहेर जायला निघाले, तर मगदूमांनी बोटाने थांबा अशी खूण केली. पुढचं बोलणं त्यांच्यासमोर झालं.

राजमती खाटेचा दांडा धरून उभ्या राहिल्या. "अवो, रविवारी डोकं धुतलं न्हवं का मी..."

"ठावं हाय मला."

"काय ठावं हाय?"

"मळलाय म्हटल्यावरच कळलं. रिठ्याचा फेस मी काय आज बघतोय?"

"मग कालपास्नं बोलला का न्हाईत?"

"बोलून थेंब पळणार हुता का?"

मुजावरांना राजमतींचा चेहरा दिसत होता. मगदूमांना दिसत नव्हता. त्यांनी जेवलीस का म्हणून विचारलं. त्या हो म्हणाल्या. त्या जेवल्या नव्हत्या.

सहासष्टावा तास बुधवार-गुरुवारच्या मध्यरात्री उलटला. गुरुवारी सकाळी साडेसहाच्या मोजमापात चमक अडुसष्ट टक्के होती. सात वाजता डॉ. केळुसकर आल्या. त्यांनी राजमतींना खोलीत बोलावलं, ध्वनिमुद्रण सुरू केलं आणि निर्णय घ्यायला अर्धा तास आहे असं सांगितलं.

निर्णय असा होता. मगदूमांना आत्ता पालथं केलं तर पडदा वर येईल, डोळ्याचं पुढचं तोंड खाली येईल आणि थेंब आल्या वाटेने परत जाईल. तीन दिवसांनी तो बुबुळामागे पोचल्यावर सुईने काढून घेता येईल. थेंब गेला, नऊ महिने वाढवलेल्या पेशी गेल्या, पण आज जे दिसतंय ते राहील. उजेड, चौकट, हात. पुन्हा पेशी वाढवेपर्यंत पडद्याचा मधला भाग उरणार नाही, म्हणजे दुसरा प्रयत्न नाही. पालथं न करता वाट पाहिली तर संध्याकाळी थेंब टेकेल. पेशी वीस टक्क्यांवर असतील तर वर्षभरात चेहरे दिसू लागतील. खाली असतील तर चौकटही जाईल. साडेसातनंतर थेंब पडद्याच्या दोन मिलिमीटरच्या आत येतो. मग पालथं करताना तेलाला बसणारा हेलकावा त्याला कुठेही आपटू शकतो. म्हणून साडेसात.

तुम्ही काय कराल, असं मगदूमांनी विचारलं. डॉक्टर म्हणाल्या की मला ते सांगता येत नाही. नियमाने येत नाही आणि तसंही येत नाही.

मगदूमांनी राजमतींना विचारलं. त्यात नवल नव्हतं. बोअर कुठे घ्यायची, मुलीला कुठल्या कॉलेजात घालायचं, डावा डोळा गेल्यावर नोकरी सोडायची की नाही, हे सगळं राजमतींनीच ठरवलं होतं. मगदूम सगळ्यांना कौतुकाने सांगत की कारखान्यात पॅन माझा, घरात शिट्टी हिची.

"तू सांग," ते म्हणाले.

राजमतींनी दांडा सोडून दिला. "माझ्या हातानं एकदा झालंय. आता मला इचारू नका."

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. सात वाजून अठरा मिनिटं. मुजावरांनी आणखी एक मोजमाप घेतलं. अंतर २.१, चमक बासष्ट. मगदूमांनी संध्याकाळचा आकडा पुन्हा विचारला. अठरा, बारा ते चोवीस, डॉक्टरांनी पुन्हा सांगितलं. मगदूमांचा हात चादरीवर होता आणि अंगठा तर्जनीवर हळूहळू घासत होता.

सात वाजून पंचवीस मिनिटांनी राजमती पुढे आल्या आणि त्यांच्या कानाशी वाकल्या. आवाज हलका होता, तरी ध्वनिमुद्रणात आला आहे.

"माझ्यावर बालंट येऊ ने म्हणून थांबणार असाल तर थांबू नका. व्हा पालथं. लोकांनी काय म्हणायचं ते म्हणू दे मला."

"तुझ्यासाठी न्हाई," मगदूम म्हणाले. "मला दाणा बघायचाय."

दोन वर्षांपूर्वी त्यांनी पॅन सोडला तेव्हा त्यांच्या जागी कारखान्याने कॅमेरा बसवला होता. काचेची पट्टी धरायला तिथे आता माणूस लागत नव्हता. हे राजमतींना माहीत होतं, मगदूमांना माहीत होतं आणि मंगळवारपासून मुजावरांनाही माहीत होतं. पालथे झाले असते तर थेंब शिकेकाईने गेला हे कायमचं ठरलं असतं. उताणे राहिले तर संध्याकाळपर्यंत काहीच ठरत नव्हतं. राजमतींनी हे त्या क्षणी ओळखलं असावं. त्या सरळ झाल्या आणि डॉक्टरांकडे बघून म्हणाल्या, "त्यांचं ऐकू नका, बाई."

डॉक्टर म्हणाल्या की कायद्याने मला त्यांचंच ऐकावं लागतं. मग त्यांनी मगदूमांना निर्णय स्पष्ट शब्दांत पुन्हा सांगायची विनंती केली.

"उताणाच ऱ्हातो," मगदूम म्हणाले.

वेळ सात वाजून अठ्ठावीस मिनिटं.

त्यानंतर दिवसभर करण्यासारखं कोणाकडेच काही नव्हतं. चमक नऊला अठ्ठावन्न, बाराला त्रेचाळीस, तीनला एकतीस. राजमती आता खोलीतच होत्या. नळीतलं जेवण त्यांनी दिलं, पाय चोळून दिले, मुलीचा पुण्याहून फोन आला तो मगदूमांच्या कानाला लावला. मुलगी रडत होती. मगदूमांनी तिला सांगितलं की इथं गार लागतंय, येताना स्वेटर आण. शिकेकाईचा विषय कोणी काढला नाही. राजमतींनी एकदा मुजावरांना विचारलं की आत ते पोरटं काय करतंय. मुजावरांनी यंत्राच्या पडद्यावर त्यांना थेंब दाखवला. काळ्या पार्श्वभूमीवर एक करडा गोल ठिपका. तो हलताना दिसत नव्हता. कितीही वेळ बघितलं तरी हलताना दिसत नव्हता. फक्त आकडा बदलत होता.

साडेसहा वाजले. चौऱ्याऐंशी तास. थेंब टेकला नाही.

अंतर ०.२३ मिलिमीटर, चमक वीस टक्के. डॉ. केळुसकरांनी हैदराबादला फोन लावला. अभियंतीने सांगितलं ते कंपनीच्या हिशेबात नव्हतं, कारण स्वच्छ थेंबाला त्याची गरज पडली नव्हती. भिंतीजवळ येणाऱ्या थेंबाला खालचं तेल बाजूला सारावं लागतं. अंतर जितकं कमी, तितकी तेलाला निसटायला जागा कमी आणि विरोध जास्त. स्वच्छ थेंबाचा पृष्ठभाग घसरतो, तेलाला वाट देतो आणि थेंब लवकर टेकतो. ताठ थेंब देत नाही. त्याचं उरलेलं अंतर शेवटी दर बावीस मिनिटांना निम्मं होतं. मग त्याचं निम्मं, मग त्याचं निम्मं. हिशेबाने ते शून्य कधीच होत नाही. प्रत्यक्षात थर फार पातळ झाला की आपोआप फाटतो आणि थेंब टेकतो, पण मळलेल्या थेंबाखाली तो नेमका केव्हा फाटतो हे कोणी मोजलेलं नाही. आजवर मोजायची वेळ आली नव्हती, असं ती म्हणाली, आणि त्याबद्दल तिने माफी मागितली.

डॉक्टरांनी हे मगदूमांना सांगितलं. त्यांनी विचारलं, म्हणजे पोचलाय की न्हाई? डॉक्टर म्हणाल्या, पोचलाय आणि टेकला नाही.

मुजावरांनी मोजमाप दर दहा मिनिटांवर आणलं. साडेसातला अंतर ०.११, चमक सतरा आणि एकवीसच्या मध्ये. चमक आता इतकी मंद होती की यंत्र एकाच वेळचे दोन आकडे देत होतं. राजमतींनी विचारलं की यातला खरा कुठला धरायचा. मुजावर म्हणाले, दोन्ही.

गुरुवारी, १२ फेब्रुवारी रोजी, रात्री आठ वाजताच्या नोंदीनुसार थेंब पडद्यापासून ०.०६५ मिलिमीटर वर आहे, कागदाच्या एका पानाच्या जाडीपेक्षा कमी. जिवंत पेशी सोळा ते वीस टक्के. रुग्ण जागा आहे. मान सरळ आहे.